खदान लागण्याआधी तिचा शेवट ठरवा

(उपनगरातल्या पाड्यांच्या वतीने बोरिवलीच्या बैठकीत केलेलं भाषण. समोर पालघर, डहाणू, विक्रमगड आणि वाड्याहून आलेली मंडळी होती. बोलणारे दोघंतिघं होते, पण आधी बसून ठरवून बोलले, म्हणून सगळं एकत्र दिलं आहे. मधले प्रश्न गाळले आहेत.)



बायांनो, भावांनो, तुम्ही पहाटेची डहाणू गाडी पकडून इथवर आलात. आम्ही बोरिवली, कांदिवली, गोरेगाव, मुलुंडच्या पाड्यांवरची माणसं. आमच्यात वारली आहेत, मल्हार कोळी आहेत, कोकणा, कातकरी आहेत. दोनचार वडार कुटुंबंही आज सोबत आहेत, त्यांना आम्ही मुद्दाम बोलावलं. ते का, ते पुढे सांगू.

तुमचा निरोप असा होता की गावात दगडखाणीवाले फिरतायत, डोंगर मोजतायत, रस्ता देऊ, काम देऊ, देवळाला लादी देऊ म्हणतायत, तर तुम्ही खदानीशेजारी राहिलेले लोक काय सांगता? आम्ही एवढंच सांगू शकतो की खदान लागल्यावर काय होतं आणि ती बंद पडल्यावर काय उरतं. दुसऱ्या गोष्टीबद्दल तुम्हाला कुणी सांगत नाही, म्हणून तिच्यावर जास्त बोलू.

ही मुंबई आमच्या डोंगरांची आहे, हे आधी डोक्यात घ्या. फोर्टातलं ते मोठं म्युझियम, पूर्वी प्रिन्स ऑफ वेल्स म्हणायचे, त्याच्या भिंतीत कुर्ल्याचा काळा-निळसर दगड आहे आणि मालाडचा पिवळसर दगड आहे. इंग्रजांच्या काळातल्या कितीतरी इमारतींना हाच मालाडचा दगड लागला. त्यानंतर रस्ते आले, पूल आले, टॉवर आले. साष्टीचे डोंगर एकेक करून खडी झाले. अंधेरीला गिल्बर्ट हिल म्हणून काळ्या दगडाचा सरळ उभा सुळका आहे, 200 फुटांचा, वर गावदेवीचं देऊळ. 1952 साली सरकारने त्याला संरक्षण दिलं. शास्त्रज्ञ सांगतात की तो साडेसहा कोटी वर्षांचा आहे. आजूबाजूचा दगड लोकांनी काढून नेला, तो राहिला. मुलांना दाखवायला घेऊन या कधीतरी. डोंगराचा नमुना म्हणून ठेवल्यासारखा दिसतो.

आता इथला दगड संपला, किंवा त्याच्यावर इमारती आल्या. म्हणून गाड्या वसईकडे वळल्या, तिथून पालघरकडे. महामार्गाला खडी पाहिजे, बुलेट ट्रेनला पाहिजे. आणि वाढवणचं बंदर. तिथे समुद्रात 1,448 हेक्टर भराव घालायचा आहे. त्याचा दगड पालघर जिल्ह्यातल्याच डोंगरांतून निघणार. म्हणजे जो माणूस तुमच्या दारात लादीची भाषा करतोय, तो उगाच आलेला नाही. त्याला गरज आहे. गरज त्याची आहे तोवरच तुमच्या शब्दाला किंमत आहे, हे विसरू नका.

खदानीचं आयुष्य कसं असतं ते सांगतो.

पहिली दोन वर्षं बरी जातात. रस्ता होतो, तोही गाड्यांसाठी. एखादी टपरी निघते. पोरांना हातात रोख पैसा दिसतो. आमच्या बाया डोक्यावर पाटी घेऊन माती उपसायला जायच्या, गडी झाडं-झुडपं साफ करायला. दगड फोडायचं काम मात्र आम्हाला जमलं नाही, ते वडारांचं. पहार, घण, सुतकी, छिन्नी, ती त्यांची विद्या. मुकादम त्यांना उचल देऊन आणायचा, उचल फिटेपर्यंत ते तिथून हलायचे नाहीत. मजुरी ब्रासावर. मग क्रशर आला, पोकलेन आलं, आणि शंभर हातांचं काम दहा हातांवर आलं. काम देऊ म्हणणाऱ्याला हे आधीच विचारा: काम किती वर्षं, आणि यंत्र कधी येणार? आजकाल तर यंत्र पहिल्याच दिवशी येतं.

नुकसान आधी दिसत नाही. ते शेतात होतं. भाताच्या फुलोऱ्यावर धूळ बसली की दाणा भरत नाही. ओहळ गाळाने बुजतो. सुरुंगाच्या वेळी गुरं बिथरतात, म्हणून लोक गुरं विकून टाकतात. गुरं नाहीत तर शेण नाही, राब नाही. दोनतीन वर्षं माणूस म्हणतो, राहू दे, खदानीवर रोज मिळतोय. मग नागली सोडली, वरई सोडली. ज्या वर्षी खदान बंद झाली त्या वर्षी आमच्यातल्या एका पाड्यात नागलीचं बी कुणाच्याच घरात नव्हतं. ज्या म्हाताऱ्यांना कुठल्या उतारावर काय पेरायचं ते माहीत होतं, त्या गेलेल्या. जमीन होती, पण शेती करणारं घर राहिलं नव्हतं. जे पाडे जंगलाला चिकटून राहिले, ज्यांच्या बाया शेवळं, कोरळ, करवंदं घेऊन बोरिवली स्टेशनाबाहेर बसत राहिल्या, ते तरले. म्हणून आमचा पहिला सल्ला हा: खदानीच्या पगारावर चूल पेटवा, पण बियाणं विकून खाऊ नका. गावात खदान असेल तेव्हाच शेती जास्त जपायला लागते. एका घरातले सगळे हात खदानीवर जाणार नाहीत, हे गावाने मिळून ठरवायचं. एकट्या घराला ते झेपत नाही, रोख पैसा दिसला की प्रत्येकाला वाटतं आपणच का मागे राहायचं.

पाण्याचं तर विचारू नका. खदान विहिरीच्या तळाखाली गेली की विहिरीचं पाणी खदानीत उतरतं. मालक पंप लावून ते बाहेर फेकतो आणि तुमच्या बाया मैलभर हंडे घेऊन जातात. बंद पडल्यावर तोच खड्डा पावसाने भरतो. सरळ उभ्या कातळाच्या भिंती, उतरायला पायरी नाही, आत किती खोल ते कुणाला माहीत नाही. उपनगरातल्या अशा खड्ड्यांत पोहायला गेलेली पोरं बुडतात, शेळ्या पडतात. खरं म्हणजे कड्याला टप्पे ठेवून, पायऱ्या-पायऱ्यांनी खणायचं असा नियम आहे. उभा कडा पाडला तर दगड लवकर निघतो, म्हणून नियम कागदावर राहतो. टप्पे असते तर तोच खड्डा गावाचं तळं झाला असता. गुरांना पाणी, एका बाजूने भाजीला पाणी, थोडे मासे. कातळातल्या नुसत्या पाण्यात माशाला खायला काही नसतं, शेणखत टाकावं लागतं, पण होतं. फरक काय तर आधी कसं खणलं. मागाहून 80 फुटांच्या कड्याला पायऱ्या कुणी पाडून देत नाही.

तशीच वरची माती. आपल्या डोंगरावर ती असतेच किती, वीतभर, कुठे हातभर. पोकलेन पहिल्या आठवड्यात ती ढकलून ओहळात टाकतं. ती माती वेगळी रचून ठेवली, तिच्यावर गवत राखलं, तर खदान संपल्यावर परत पसरता येते. नाहीतर उघड्या कातळावर आपल्या नातवंडांच्या हयातीतही काही उगवणार नाही. 8 जानेवारी 2020 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं आहे की खाणकाम संपल्यावर खाणवाल्याने त्या जागेवर पुन्हा गवत उगवून द्यायचं, जमीन चाऱ्याला, झाडाझुडपाला, जनावरांना उपयोगी पडेल अशी करायची. हा हुकूम गावाने पाठ करून ठेवावा. पण माती आधीच ओहळात गेली असेल तर गवत कशावर उगवणार?

धुळीबद्दल थोडं. क्रशरवर काम केलेला माणूस चाळिशीत खोकायला लागतो. दवाखान्यात टीबीच्या गोळ्या देतात. काहींना टीबी असतोही, काहींची छाती धुळीने भरलेली असते. कोण काय ते ठरवायला कामाचा पुरावा लागतो आणि तो कुणाकडेच नसतो, कारण मजूर मुकादमाच्या वहीत, वही मुकादमाच्या खिशात. खदान बंद झाली की मुकादम गायब. कायदा असा आहे की सुरुंग वापरला किंवा 6 मीटरहून खोल गेलं की साध्या दगडखाणीलाही खाणींचा कायदा लागतो. त्यात मजुराचं नाव रजिस्टरला पाहिजे, डॉक्टरी तपासणी पाहिजे. मालक ठेवो न ठेवो, ग्रामसभेने स्वतःची वही ठेवावी. कोण, कधीपासून, कुठल्या कामावर, क्रशरपासून किती जवळ. दर महिन्याला दोन साक्षीदारांच्या सह्या किंवा अंगठे. एक रुपयाचा खर्च नाही. आमच्याकडे अशी वही असती तर आज काही विधवा नुकसानभरपाईच्या दारात उभ्या तरी राहू शकल्या असत्या.

आता वडारांचं सांगतो. खदान विरोधाच्या जोशात आपण कधी कधी दगड फोडणाऱ्यालाच शिव्या देतो. तो कुठला? सोलापूरकडचा, कर्नाटकातला, कुठून कुठून उचल घेऊन आलेला. त्याच्या नावावर ना घर ना जमीन, मुलांचं नाव शाळेत नाही, कारण खदान हलली की ती मुलंही हलतात. पुण्याकडे वाघोलीला ‘संतुलन’ नावाच्या संस्थेने खाणीतच शाळा काढल्या, त्यांना पाषाण शाळा म्हणतात. म्हणजे हे होऊ शकतं. तुमच्या ठरावात या मुलांचं नाव घाला. आपल्याला त्यातून काय मिळणार असं कुणी म्हणेल. खदानीत काय चाललंय, किती खोल गेले, रात्रीचे सुरुंग लावतात का, हे आपल्याला सांगणारा माणूस तोच आहे.

खदान संपल्यावर जमीन कुणाची? इथे आम्हाला सगळ्यात मोठा धडा मिळाला. दगड संपल्यावर आम्हाला वाटलं, आता हे लोक गेले. कुठले जातात! खड्ड्यात भराव पडला, कागद फिरले, आणि तिथे इमारतींचा प्लॉट झाला. दगडात जेवढा पैसा होता त्याहून जास्त रिकाम्या खड्ड्यात निघाला. खदानीची जागा वापरात येते, हे खोटं नाही. 1997 साली हायकोर्टाने बोरिवली नॅशनल पार्कातली अतिक्रमणं काढायला सांगितली, हजारो झोपड्या तुटल्या. त्यांतल्या पात्र कुटुंबांना लांबलचक लढ्यानंतर चांदिवलीला घरं मिळाली, त्या वसाहतीचं नाव संघर्षनगर. ती जागा म्हणजे जुनी दगडखाणच. पण तिथे लोक आधीपासून भांडत होते, म्हणून घरं लोकांना मिळाली. जिथे कुणी भांडलं नाही तिथे खड्डा बिल्डरला गेला. तुमच्याकडे बंदर आलं, रस्ते आले की तुमचा खड्डाही उद्या प्लॉट होणार आहे. म्हणून पट्टा देतानाच लिहून घ्या की मुदत संपल्यावर जागा गावाकडे परत येईल, दुसऱ्या कुठल्या कामाला जाणार नाही.

एक गोष्ट गोव्याची. तिथली लोखंडाची खाण किती मोठी, तिच्यापुढे आपली खदान म्हणजे डबकं. 2012 साली ती एका फटक्यात बंद झाली, आधी सरकारने थांबवली, मग सुप्रीम कोर्टाने. पुन्हा चालू झाली. 7 फेब्रुवारी 2018 ला कोर्टाने 88 पट्टे रद्द केले, महिनाभरात पुन्हा सगळं ठप्प. ट्रकवाल्यांनी, बार्जवाल्यांनी बँकेचं कर्ज काढलेलं. ट्रक दारात उभा आणि हप्ता चालू. डिचोली, सांगे भागातल्या ज्या शेतात खाणीचा गाळ गेला होता, त्या शेतात परत जायची सोय राहिली नव्हती. खाण कायद्याने बंद होवो, दगड संपून होवो की भाव पडून होवो, मजुराला आदल्या रात्री कळतं. म्हणून पोरांना सांगा, खदानीच्या भरवशावर डंपर घेऊ नका. गोव्यात एक चांगलं मात्र झालं. 2014 च्या निकालात कोर्टाने म्हटलं की विकलेल्या मालाच्या किमतीतले 10 टक्के एका कायमच्या निधीत टाकायचे, पुढच्या पिढ्यांसाठी. का, तर जमिनीतला माल एकदाच निघतो, आणि तो आजच्याच माणसांचा नाही. आपला भगतही हेच सांगतो, पण त्याचं कोर्टात कोण ऐकतो.

त्याआधी, 11 जुलै 1997 ला, आंध्रातल्या समता संस्थेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की अनुसूचित क्षेत्रात खाण चालवली तर नफ्यातले किमान 20 टक्के तिथल्या लोकांसाठी बाजूला काढा. तो निकाल आंध्रच्या जमीन कायद्यावर उभा आहे, आपल्याकडे तसाच्या तसा लागत नाही. पण मागणी करताना आकडा कुठून आणला असं कुणी विचारलं तर सांगायला आहे.

आपल्याकडे पैसा कुठे आहे ते बघा. दगडावर सरकारला स्वामित्वधन म्हणजे रॉयल्टी मिळते, ब्रासला 600 रुपये. त्याच्यावर आणखी 10 टक्के जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जमा होतात. म्हणजे ब्रासला 60 रुपये. एका डंपरात 4 ब्रास धरा, दिवसाला 20 डंपर धरा. 80 ब्रास झाले. रोजचे 4,800 रुपये, महिन्याचे लाखावर. हा पैसा खाणीने बाधित झालेल्या गावांसाठीच आहे, पाणी, दवाखाना, शाळा, पर्यावरण यांना आधी द्यायचा असा नियम आहे. तुमच्यातल्या किती गावांना हा पैसा माहीत होता? हात वर करा. (दोन हात.) बघा. पैसा जिल्ह्याच्या कचेरीत जातो आणि तिथून ज्याचा आवाज मोठा त्याच्या रस्त्याला जातो. आणि मग गावात शिलाई मशीन वाटायला येतात. मशीन वाईट नाही, पण सगळ्या गावाने ब्लाउज शिवले तर घालणार कोण? तो पैसा बंधाऱ्याला, गाळ काढायला, बियाण्याला, छातीच्या तपासणीला मागा. आणि डंपर मोजा. पोरांना नाक्यावर बसवून रोजची वही लिहायला लावा. पावतीवर 20 आणि रस्त्यावर 50 गाड्या असतील तर तो फरक कुठे गेला, हे तहसीलदाराला लेखी विचारता येतं.

आता तुमच्याकडे जे आहे आणि आमच्याकडे नाही, ते. आम्ही महानगरपालिकेत. आमच्या पाड्याला ग्रामसभा नाही, पेसा नाही. वनहक्क कायदा आम्हालाही लागू आहे, पण दावा घेऊन गेलो की पहिलं वाक्य असतं, मुंबईत कुठले आदिवासी? डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, वाडा हे पुरे तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, पालघर-वसईतली काही गावं आहेत. 1996 चा पेसा कायदा सांगतो की अशा क्षेत्रात गौण खनिजाचा पट्टा द्यायच्या आधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस घ्यावीच लागते. दगड, मुरूम, खडी हे सगळं गौण खनिज. ‘किंवा पंचायतीची’ हे दोन शब्द नीट ऐका. त्या फटीतून सरपंचाची एकट्याची सही घुसते. ती फट बुजवायची तर महाराष्ट्राचे 2014 चे पेसा नियम वापरा, त्यात पाड्यालाही स्वतःचं गाव जाहीर करून स्वतःची ग्रामसभा करता येते. ज्या पाड्यावर सुरुंगाचा दगड पडणार, त्याच पाड्याने बसून ठरवावं. पाच मैलांवरच्या मोठ्या गावात हात वर होऊन काय उपयोग?

आणि सामूहिक वनहक्काचा दावा आधी मंजूर करून घ्या. दावा पडून असताना डोंगर कुणाचा याचा कागदच नाही. ओडिशात नियमगिरीच्या डोंगराबद्दल 2013 साली सुप्रीम कोर्टाने ग्रामसभांना विचारा म्हणून सांगितलं, 12 ग्रामसभा बसल्या, बाराही नको म्हणाल्या, आणि तिथली खाण थांबली. कोर्टाने त्यांचं ऐकलं कारण त्यांच्याकडे देवाचा आणि डोंगराचा हक्क सांगायला कायद्याचा आधार होता.

मग खदान घ्यायची की नाही? आम्हाला विचाराल तर असं: जिथे झरा उगम पावतो, जिथे वाघोबा-हिरव्याचं ठाणं आहे, जिथे वनपट्ट्याची शेती आहे, तिथे नाही म्हणा आणि पुढे चर्चा करू नका. एखादा उघडा माळ असेल, गावालाही घरासाठी, बंधाऱ्यासाठी दगड लागतोच, आणि गाव खरंच हो म्हणत असेल, तर अटी घाला. किती वर्षं, किती फूट खोल, टप्प्याने खणायचं, विहिरीपासून किती लांब, वरची माती कुठे रचायची, सुरुंग किती वाजता, शेवटच्या दोन वर्षांत काय काय भरून आणि लावून द्यायचं, त्याची अनामत आधी कुणाच्या नावावर ठेवायची. शेवटच्या वर्षी मालक पैसे देईल या भरवशावर राहू नका, शेवटच्या वर्षी मालक सापडत नाही. अटी मान्य नसतील तर तो जाईल. जाऊ द्या.

या अंकासोबत नमुना ठरावाचं एक पान लावलं आहे, आणि हजेरीच्या व डंपर मोजायच्या वहीचा तक्ता. ठरावात मोकळ्या जागा सोडल्या आहेत, तिथे आपल्या डोंगराचं, ओहळाचं, विहिरीचं नाव घाला. छापील नावं तशीच ठेवून कुणी सह्या करू नका. वाचून दाखवताना दोनदा वाचा, एकदा दिवसा आणि एकदा रात्री, कारण दिवसा बाया कामावर असतात. मंजूर झाला की एक प्रत ग्रामसेवकाला, एक तहसीलदाराला, एक वनखात्याला, आणि पोच घेतल्याशिवाय परत यायचं नाही. चौथी प्रत आमच्याकडे पाठवा. पुढच्या बैठकीत कुठल्या गावाने कुठली अट घातली ते सगळ्यांना वाचून दाखवायचं आहे.

जिंदाबाद.